विकत घेतलेल्या कॉपी-प्रोटेक्शनवाल्या (म्हणजे कॉपी करता येऊ नये म्हणून डिजिटल लॉक घातलेल्या) सीडीतली गाणी स्वतःच्या मोबाइलवर घेतली तर तो गुन्हा ठरतो का?

भारतात, फक्त स्वतःच्या ऐकण्यासाठी घेत असाल तर नाही. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52(1)(क) मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठीच्या रास्त वापराला सूट आहे. 2012 च्या दुरुस्तीआधी ही सूट ध्वनिमुद्रणाला लागू नव्हती; त्या दुरुस्तीने तिथे 'कोणतीही कलाकृती' (any work) अशा अर्थाचे शब्द आले (संगणक प्रोग्रॅम सोडून), आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण्याचाही उल्लेख झाला. लॉक तोडण्याची भीती ज्या कलमामुळे वाटते ते 65क त्याच दुरुस्तीतलं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे खरा, पण हक्कभंग करण्याच्या हेतूने लॉक तोडलं तरच. एक गंमत लक्षात घ्या: असं लॉक दुसऱ्या कुणाच्या मदतीने तोडलंत, तर त्या मदत करणाऱ्याने तुमचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची आहे. कोपऱ्यावरचा मोबाइलवाला अशी वही ठेवत असेल, असं मला तरी वाटत नाही.

मात्र 'रास्त' म्हणजे किती, हे कायद्यात मोजून दिलेलं नाही. पण एवढं नक्की: तीच फाइल सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलीत की सूट संपली. आणि अमेरिकेत राहत असाल तर हे उत्तर चालणार नाही. तिथल्या 1998 च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्याखाली, काही ठरावीक अपवाद सोडले तर, हेतू काहीही असो, गाण्यापर्यंत पोहोचू न देणारं लॉक तोडणं हेच मुळात बेकायदेशीर आहे.