पीएसएलव्ही या इस्रोच्या रॉकेटचं छोटं, उडणारं मॉडेल घरी कसं बनवायचं?

१:१०० प्रमाण घ्या. मूळ रॉकेट ४४ मीटर उंच, २.८ मीटर व्यासाचं. म्हणजे तुमचं ४४ सेंटिमीटर आणि २८ मिलिमीटर. एक इंची सीपीव्हीसी पाइपवर (नळाच्या पाण्याचा प्लॅस्टिक पाइप) कार्डशीट गुंडाळलं की नळी जवळपास त्याच मापाची होते.

खरी अडचण पुढं आहे. मूळ रॉकेट इंजिनाच्या झोताची दिशा बदलून स्वतःची दिशा सांभाळतं, आपलं तसं करू शकत नाही. म्हणून शेपटाला पारदर्शक प्लॅस्टिकचे पंख लावा, टोकात शाडू भरा. तोल साधतो तिथं दोरा बांधून डोक्याभोवती फिरवा. टोक पुढंच राहिलं तरच उडवा.

रॉकेटची स्फोटक दारू घरी अजिबात बनवू नका, उडवायला पंपाची दाबलेली हवा पुरते. आणि कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या बाजूला तर नकोच!