घाटात गाडी बंद : पंप खरंच गेलाय का?

प्रश्न : काका, वडिलांची 1998 ची मारुती 800 आहे, कार्ब्युरेटरवाली. नाशकात फिरताना काही तक्रार नाही. मे महिन्यात वणीच्या गडावर जाताना मात्र नांदुरीच्या पुढे चढावर दोनदा बंद पडली. इंजिनाला लावलेल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकून वीस मिनिटं थांबलो की चालू होते. मिस्तरी म्हणतो, पंप गेला. ओरिजिनल मिळत नाही, इलेक्ट्रिक टाकू. टाकावा का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : फडक्यानं चालू होते हे लिहिलंत, बरं केलंत. पंपाचा पडदा (आतला पेट्रोल ढकलणारा लवचिक पापुद्रा) फाटला असता तर फडक्यानं काही झालं नसतं. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तापतं, बॉनेटखाली वारा फिरत नाही आणि पंपातल्या पेट्रोलची वाफ होते. पंप पेट्रोल ढकलू शकतो. वाफ नुसती दबते आणि पुन्हा फुगते. मग कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, कोरडा पडतो.

माझा पहिला संशय पाइपांवर. टाकीपासून पंपापर्यंत पेट्रोल ओढून आणलं जातं. त्या बाजूच्या रबरी पाइपला तडा गेला तर पेट्रोल गळताना दिसेलच असं नाही. इंजिन चालू असताना हवा आत शिरते. ओझरच्या एका द्राक्षवाल्यांच्या गाडीला मी ओळीनं दोन पंप बसवले होते. तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा टाकीजवळचा बोटभर पाइप वाकवून पाहिला, तर चीर उघडली. पंपाचे पैसे परत केले. त्यांनी वर द्राक्षांची पेटी दिली, ती घेताना मान खाली गेली होती. तुमचे पाइप जुने असतील तर सगळे बदला, क्लिपांसकट. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं (ऊस कदाचित आपल्याच निफाड-दिंडोरीचा असेल), ते जुन्या रबराला मानवत नाही. इथेनॉल चालेल असाच पाइप मागा. फिल्टरही त्याच वेळी बदला.

पुन्हा बंद पडलीच तर आधी टाकीचं झाकण उघडा. सुस्सकन हवा आत गेली तर दोष झाकणाचा.

आता पंपाची परीक्षा. इंजिन गार असताना कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप काढून बाटलीत सोडा, ठिणगी पडू नये म्हणून इग्निशन कॉइलला येणारी बारीक वायर काढून ठेवा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ठोक्याठोक्याला जोरदार पिचकारी आली तर पंप धडधाकट आहे. जवळ विडी-सिगारेट ओढणारा कुणी नको. नुसतीच गळगळ झाली, तर टाकीकडचा पाइप काढून पंपाला बाटलीतलं स्वच्छ पेट्रोल पाजून पाहा. तरी जोर नाही आला, तर पंप बदलाच.

आणि ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास असेल, ऑइलची पातळी वाढली असेल, तर पडदा फाटून पेट्रोल इंजिनात उतरतंय. अशा वेळी एक किलोमीटरही गाडी चालवू नका. पंप आणि ऑइल दोन्ही बदला, नाहीतर बेअरिंगं जातील.

इलेक्ट्रिक पंपाला माझा नकार. मिस्तरीच्या हाताशी बहुधा इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप असेल. त्याचा दाब तुमच्या कार्ब्युरेटरला सोसणार नाही. पेट्रोल वरून सांडेल, तेही तापलेल्या इंजिनावर. थोडं हिंडलात तर जुन्या पद्धतीचा पंप मिळतो. बसवताना जुन्या पंपाखालून जाड काळा तुकडा निघेल, तो फेकू देऊ नका. इंजिनाची उष्णता तोच अडवतो. तो फेकून सिलिकॉन फासणारे मिस्तरी मी पुष्कळ पाहिलेत. तुमच्या गाडीत तो तुकडा आज आहे का, हेही बघून घ्या.

एक राहिलं. गाडी उभी करून इंजिन तापू द्या आणि रेडिएटरचा पंखा आपोआप फिरतो का ते पाहा. फिरत नसेल तर पंपाला हात लावण्याआधी तो दुरुस्त करा.