फुरश्याच्या गावात कुत्रं पाळताना
रत्नागिरीकडे कुत्रं पाळताय ना, मग आधी अंगणातला चिऱ्यांचा नि लाकडांचा ढीग हलवा. उंदीर-पाली तिथे, म्हणून फुरसं, म्हणजे तो विषारी साप, तोही तिथेच. रात्री उष्टा भात बाहेर ठेवू नका. अंधारात फिरवताना साखळी आखूड, हातात बॅटरी. कुत्रं आधी नाक खुपसतं, म्हणून दंश बहुधा थोबाडावर नाहीतर पुढच्या पायावर. आमच्या मोत्याचं तोंड बघता बघता भोपळ्याएवढं झालं होतं. घट्ट बांधणं, चिरा देणं, हळद, काही नको; उचलून थेट गाडीत घाला. मण्यारीच्या दंशाला सूज जवळजवळ नसते, कुत्र्याचे नुसते पाय लटपटले तरी निघा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच इंजेक्शन चालतं, पण ते प्रत्येक गुरांच्या डॉक्टरकडे नसतं. कुणाकडे आहे, ते आजच विचारून ठेवा.