गुहागरहून दापोलीला रोज ये-जा करावी की वसतिगृहात राहावं?

तुला दापोलीच्या कृषी विद्यापीठात प्रवेश मिळालाय आणि घरचे म्हणतायत, धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ, तिथून एसटी, रोज जमेल. नाही गं जमणार. आषाढात खाडी पार करून सकाळच्या प्रॅक्टिकलला वेळेवर पोचायचं म्हणजे अर्धा जीव वाटेतच जातो. वसतिगृहच घे.

माझी चार वर्षं तिथे गेली. सगळ्यात मोठा फायदा मला मैत्रिणींचा झाला. हे विद्यापीठ 1972 साली कोकणासाठी उभं राहिलं, पण शिकायला विदर्भ-मराठवाड्यातूनही मुली येतात. माझी खोलीतली सोबतीण लातूरची. भाताची लावणी तिने पहिल्यांदा इथेच केली, तीही माझ्याबरोबर. सोयाबीन नि तूर मला तिच्याकडून कळली. परीक्षेच्या आदल्या रात्री अडलं तर शेजारच्या खोलीत सीनियर ताई असायचीच. भाड्याच्या खोलीत हे कुठून मिळणार?

मेसच्या जेवणाला घरची चव नसते, हे खरं. पहिले पंधरा दिवस आईची आठवण येते, मग रुळतेस. जागा मोजक्या असतात, तेव्हा प्रवेशाच्या वेळीच अर्ज दे. आणि कपड्यांचे दोन जोड जास्त ने, पावसात तिथे काही म्हणजे काही वाळत नाही.