फेब्रुवारीतल्या चार तासांसाठी

प्रिय,

अमेरिकेतल्या शाळेत शिकवताना हा तुझा पहिलाच फेब्रुवारी, म्हणजे तिथला कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. सहावीचा वर्ग आणि हातात जेमतेम चार तास. तेवढ्यात गुलामगिरीपासून ओबामांपर्यंत सगळं कोंबू नकोस. भिंतीवर बारा चेहरे लागतात आणि मुलांना एकही नीट कळत नाही. एकच प्रसंग घे: माँटगोमेरीचा बसबहिष्कार, म्हणजे अलाबामातल्या त्या शहरात कृष्णवर्णीयांनी भेदभाव करणाऱ्या बसवर टाकलेला बहिष्कार.

दमलेली शिंपीण, बसमध्ये गोऱ्यासाठी उठायला नकार, मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण, झालं! असं सांगितलं की चळवळ योगायोगाने घडल्यासारखी वाटते. ती शिंपीण, रोझा पार्क्स, त्या दिवशी, 1 डिसेंबर 1955 ला, 42 वर्षांच्या होत्या आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या जुन्या कार्यकर्त्या होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये 15 वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विनलाही जागा न सोडल्याबद्दल अटक झाली होती. वर्गात सुरुवात तिच्यापासून कर.

पहिल्या तासाला फळ्यावर बस काढ. जागा 36, पुढच्या 10 गोऱ्यांच्या. त्यामागे कृष्णवर्णीयांना बसता येई, पण पुढे जागा उरली नाही की एका गोऱ्यासाठी अख्खी रांग उठवत. पार्क्स याच रांगेत होत्या, राखीव जागेवर नव्हे. पैसे पुढच्या दाराशी द्यायचे, मग उतरून मागच्या दाराने चढायचं. तेवढ्यात बस निघूनही जाई. हे चित्रावरच दाखव. मुलांना खुर्च्यांवर बसवून ‘तू गोरा, तू काळा’ करू नकोस. वर्गात दोनच कृष्णवर्णीय मुलं असली तर सगळ्या नजरा त्यांच्यावर खिळतात आणि बाकीच्यांना तो खेळ वाटतो.

दुसऱ्या तासाला उत्तर आधी देऊ नकोस. बहिष्कार 381 दिवस चालला; गावाच्या दुसऱ्या टोकाला घरकाम करणारी बाई तेवढे दिवस बसशिवाय कामावर कशी जाईल, हे गटागटाने सोडवू दे. मग खरं काय झालं ते सांग. तिथल्या प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी बहिष्काराची रात्रीतून हजारो पत्रकं छापली. टॅक्सीवाल्यांनी बसइतकेच 10 सेंट घेतले. शहराने किमान भाड्याचा नियम पुढे करून ते थांबवलं. मग लोकांनी आपल्या गाड्या काढल्या, थांबे ठरवले. त्या गाड्यांचे विमे रद्द झाले. हा तास रंगतोच.

तिसरा तास कोर्टाचा. बसमधला भेदभाव संपला तो ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ खटल्याने. त्यात कॉल्विन वादी होती, पार्क्स नव्हत्या. चौथा गाण्यांना दे. चर्चमधल्या सभा गाण्यांशिवाय होत नसत.

मराठी पालक घरी काय करू विचारतील. फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढलेल्यांना अर्पण केली, ती अर्पणपत्रिका मुलांसोबत वाचा म्हणावं. बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना लिहिलेलं छोटं पत्रही आहे. फक्त त्यातला ‘निग्रो’ तेव्हा रूढ होता, आज म्हणत नाहीत, हे आधीच सांगायला लाव. नाहीतर दुसऱ्या दिवशी तो मधल्या सुट्टीत ऐकू येईल.