तुमचे प्रश्न : एकटा अणू काय दिवे लावणार?

प्रश्न : मी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरची शेतीपण आहे. युरियासाठी लागणारा अमोनिया नुसत्या विजेवर बनवायचा आणि त्याला 'सिंगल अ‍ॅटम कॅटॅलिस्ट' (धातूचे सुटे-सुटे अणू असलेले उत्प्रेरक) वापरायचे असं वाचलं. अख्ख्या धातूला जे जमत नाही ते एक अणू कसं करणार?

उत्तर : आधी अडचण कुठाय ते बघा. नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडायला मोलमागे साधारण ९४५ किलोज्यूल लागतात, म्हणून १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला सुरू झालेल्या, अमोनिया बनवायच्या हाबर-बॉश पद्धतीत आजही चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो, वर हायड्रोजन बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूतून काढतात, कार्बन डायऑक्साइडचा खरा घोळ तिथेच. विजेवर केलं तर हायड्रोजन पाण्यातूनच मिळतो, पण मग इलेक्ट्रॉन नायट्रोजनपर्यंत पोचायच्या आत पाण्यातले प्रोटॉनच (हायड्रोजनचे आयन) ते पळवतात आणि हाती येतो नुसता हायड्रोजन गॅस. पंगतीच्या टोकापर्यंत जिलबी पोचतच नाही, तसं.

धातूच्या पृष्ठभागावर शेजारी बसलेले दोन हायड्रोजन जोडी जमवून उडून जातात. एकट्या अणूला शेजारच नाही, म्हणून हा एक रस्ता तरी बंद होतो (सगळे नाही हं). बंध एका झटक्यात तोडायचं काम मात्र त्याच्याच्याने होत नाही, त्याला अणूंचा घोळका लागतो. मग नायट्रोजनला धरून ठेवायचं आणि एकेक हायड्रोजन चिकटवत जायचं, एका रेणूमागे सहा इलेक्ट्रॉन. डिझाइन म्हणजे ही पकडच : लोखंड, मोलिब्डेनम, रुथेनियम असा अणू कार्बनच्या जाळीत बहुतेकदा चार नायट्रोजनच्या मध्ये बांधतात, सैल झाली तर नायट्रोजन टिकत नाही, जास्तच घट्ट झाली तर अमोनिया सुटत नाही. आणि बांधणी कच्ची असली की अणू गोळा होऊन कण बनतात, संपलं!

आकडे वाचताना सावध राहा. मिळणारा अमोनिया इतका थोडा असतो की हवेतला, श्वासातला, ग्लोव्हजवरचासुद्धा त्यात मिसळून फसवतो. म्हणून नायट्रोजनऐवजी आर्गॉनवर चालवून पाहिलंय का (तेव्हा अमोनिया यायलाच नको), नायट्रोजन-१५ म्हणजे ओळखता येणारा जड नायट्रोजन वापरलाय का, हे आधी बघायचं, नसेल तर मी तरी पेपर बाजूला ठेवतो.

हवेतल्या नायट्रोजनऐवजी नायट्रेटपासून (नायट्रोजन-ऑक्सिजनचा पाण्यात विरघळणारा क्षार) मात्र हे बरंच सोपं जातं. २०२१ मध्ये अमेरिकेत राइस विद्यापीठातल्या गटाने लोखंडाच्या एकट्या अणूंवर सुमारे ७५ टक्के इलेक्ट्रॉन अमोनियाच्या कामी लावून दाखवले. फक्त ते नायट्रेट सांडपाण्यातलं हवं, कारण कारखान्यातलं नायट्रेट मुळात अमोनियापासूनच बनवतात!