दोन महिन्यांचं लेकरू अचानक रडू लागलं, दूध-लंगोट सगळं पाहून झालं तरी थांबत नाही. काय पाहावं?

आधी त्याचे सगळे कपडे काढा, अगदी टोपडं-मोजेसुद्धा, आणि चांगल्या उजेडात डोक्यापासून पायापर्यंत पाहा. आमच्याकडे आजीनं मीठ-मोहरी उतरवली, पोटावर हिंग लावला, रडणं चालूच. शेवटी मोजा काढला तर पायाच्या बोटाला आईचा लांब केस करकचून गुंडाळलेला, बोट लालभडक सुजलेलं! बाळंतपणानंतर केस फार गळतात, म्हणून हे होतं. केस निघत नसेल तर ओढत बसू नका, दवाखाना गाठा. मनगटाचा काळा दोरा, कमरेचा करदोटा रुतलाय का तेही बघा. झोळीत मुंगी? जांघेत कडक गाठ? गाठ असेल तर लगेच डॉक्टर. आणि आपल्या विदर्भातल्या उन्हाळ्यात दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं लेकरू उकाड्यानंच रडतं, हे कोणी लक्षातच घेत नाही.

रोज संध्याकाळी ठरल्या वेळी रडत असेल आणि एरवी दूध नीट पीत असेल, तर बहुतेक पोटशूळ. सहाव्या आठवड्याच्या सुमारास तो जास्त असतो, तीन-चार महिन्यांत कमी होतो. खांद्यावर घेऊन ढेकर काढा, फिरवा. घुटी, मध नकोच.

पण ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, किंवा पाय पोटाशी घेऊन थांबून-थांबून किंचाळणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावा.